खडखडणारं शिलाई मशीन

मधुमेहाने माझ्या धाकट्या जावेच्या तळपायांची जाणीव गेली. पाय हलायचे, पण ते कुठे आहेत ही खबर मेंदूपर्यंत पोचत नसे. पायमशीन विसरा, असं डॉक्टर म्हणाले. ही कसली विसरते! पायडल कसं चाललंय, हे ती मशीनच्या खडखडाटावरून ओळखायला शिकली. पायांचं काम कानांनी उचललं आणि शिवणकाम पूर्वीसारखं चालू राहिलं.

मग एक दिवस भावजींनी मायेने मशीनला तेल घातलं, सगळे स्क्रू आवळले. मशीन गप्प झालं. चाक उलटं फिरायला लागलं, दोरा तुटायला लागला. जाऊ रडवेली झाली. "संपलं हो ताई माझं शिवणकाम."

"काल जमत होतं ना? मग संपलं कसं?" मी म्हटलं. "तुझा आवाज पळवलाय या शहाण्याने."

"अहो वहिनी, तिला त्रास नको म्हणून मी..."

"तो त्रास परत बसवून द्या."

भावजींनी पायडलला पत्र्याचं झाकण बांधलं. टकटक सुरू झाली तशी शिवण सरळ धावली. आता खालचे शेजारी कुरकुरतात. मी त्यांना साफ सांगते, "ती बाई पायांनी नाही, कानांनी मशीन चालवते. आवाज राहणारच."