करंजतेलावरचं गुऱ्हाळ

कोल्हापूरच्या स्टँडवर सुनंदा मला न्यायला आली खरी, पण तिच्या स्कूटरवर माझ्या बॅगेला जागा नव्हती. पायाशी अंड्यांच्या टरफलांचं पोतं होतं. "भुर्जीच्या गाड्यांवरून गोळा केलंय. बॅग मांडीवर घे," ती म्हणाली. होस्टेलात आम्ही एका खोलीत राहिलो आहोत, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. मुरगूडपर्यंत मी दोन्ही बाजूंचे ऊस पाहत आणि टरफलांचा वास घेत गेले.

सुनंदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात करंजाच्या तेलाचं बायोडिझेल करते. तेलात मिथेनॉल मिसळून ते गरम करत ढवळायचं. पण या दोघांचं लवकर जुळत नाही, मध्यस्थ लागतो. टरफलं धुऊन भट्टीत पांढरीफेक होईपर्यंत भाजली की त्यांचा कळीचा चुना होतो, तोच हा मध्यस्थ. आम्ही जळगावकर टरफलं गुलाबाच्या कुंडीत टाकून मोकळे होतो.

मुरगूडजवळ तिच्या थोरल्या दिरांचं, बापूंचं, गुऱ्हाळ आहे. आवारात शिरतानाच काहिलीतल्या (रस आटवायच्या मोठ्या कढईतल्या) उकळत्या रसाचा वास आला आणि टरफलांचा विसर पडला. उसाचा चरक जुन्या डिझेल इंजिनावर फिरतो. ते इंजिन विकून मोटर बसवायचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी भंगारवाला येणार होता, त्याआधी सुनंदाला ते आपल्या तेलावर चालवून दाखवायचं होतं.

"बाटलीतलं तेल बघून सगळे छान म्हणतात गं," ती मला म्हणाली. "मला त्यानं ऊस गाळलेला बघायचाय. हे इंजिन गेलं, तर दुसरं कोण देणार मला?"

बापूंनी माझं स्वागत केलं, "या पावणं, बसा." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "कर काय करायचं ते. पर इंजन अडलं, तर परत त्या तेलाचं नाव काढायचं न्हाय." तिनं मान डोलावली. मला त्यांचा रागच आला.

संध्याकाळी तिनं ड्रममध्ये सगळं मिसळून ढवळणी लावली आणि आम्ही जेवायला गेलो. भाकरी, वांग्याचं कालवण (रस्सा) आणि खर्डा, म्हणजे आपला मिरचीचा ठेचा. तिखटाच्या बाबतीत मी उगाच फुशारकी मारली आणि अर्धा तांब्या पाणी पिऊन ती निस्तरली.

सकाळी ड्रममध्ये वर मधासारखं स्वच्छ तेल दिसायला हवं होतं. दिसलं ते फाटल्या दह्यासारखं काहीतरी. सुनंदाचा चेहरा उतरला. "पाणी गेलंय यात. साबण झाला सगळ्याचा." घरात प्रत्येकाला विचारून झालं. ड्रममध्ये पाणी कुणीच घातलं नव्हतं.

तेवढ्यात बापूंनी माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"कसला प्रसाद?" मी विचारलं.

"काल तुमी जेवाय गेल्यावर नारळ वाढिवला की. नव्या कामाला नारळ नको व्हय?"

"आणि त्यातलं पाणी?"

"वतलं ड्रमात. पर ते काय पाणी हाय? तीर्थ हाय ते."

आता सुनंदा भडकणार, असं मला वाटलं. ती शेजारच्या पोत्यावर बसली आणि डोळे पुसत हसायला लागली. "भावजी, तुम्ही माझ्या तेलासाठी नारळ वाढवलात?"

बापू गोंधळले. "मग? घरचंच काम हाय न्हवं?"

तेल थोडंच उरलं होतं. तिनं पातेल्यात नव्यानं सुरुवात केली. बापू खुर्ची टाकून झाकणाशेजारी बसले. त्यांच्यासाठी कुणी चहा आणला, तर तोही त्यांनी दारातूनच परत पाठवला.

दुपार कलल्यावर वर स्वच्छ तेल सुटलं. ते गाळून टाकीत ओतेपर्यंत भंगारवाल्याचा टेम्पो दारात लागला. बापूंनी हँडल मारलं. इंजिन दोनदा खोकलं, काळा धूर सोडला आणि बंद पडलं. सुनंदानं माझं मनगट घट्ट धरलं. बापूंनी पुन्हा हँडल मारलं आणि या वेळी ते लागलं. चरक फिरला, पन्हाळीतून रस वाहू लागला. धुराला भजी तळल्यासारखा वास होता.

"न्यायचं का न्हाय मग?" भंगारवाल्यानं विचारलं.

बापूंनी त्याच्या हातात रसाचा पेला दिला. "रस प्या आन् जावा. चालतंय इंजन, दिसंना व्हय?"

परतताना मुरगूडच्या रस्त्यावर तो रिकामा टेम्पो बराच वेळ आमच्या पुढे होता. "छान झालं, असं काही ते म्हणाले नाहीत बघ," सुनंदा म्हणाली, पण तिनं स्कूटर मुद्दाम त्या टेम्पोच्या मागेच ठेवली होती.

जळगावच्या गाडीत बसले आणि मला तिचा सरळसरळ हेवा वाटला. मी बँकेत उभी हयात काढली. माझ्या कामाला घरचं काम म्हणून कुणी नारळ वाढवल्याचं मला आठवत नाही.