नीलकवचचे आठ भाग

दौलताबाद रस्त्यावर, पडेगावच्या थोडं पुढं, कर्णबधिर मुलांची एक निवासी शाळा आहे. करुणा तिथं सतरा वर्षं शिकवत होती. एका बुधवारी मुख्याध्यापक अप्पाराव सरांनी तिला ऑफिसात बोलावलं आणि मोठ्या खुशीत बातमी दिली. शहरातला एक थिएटरवाला आपल्या मुलांना ‘नीलकवच’चा नवा भाग फुकट दाखवणार होता. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी, सकाळच्या खेळाला.

“पिक्चर हिंदीत हाय. पोरांना खुणांनी तुम्ही सांगायचं, मॅडम.”

“सर, मी त्यातला एकबी भाग बघितलेला नाय.”

“मग बघून घ्या की. आठच तर हायेत.”

करुणा ‘बरं’ म्हणून बाहेर आली, पण रिक्षात बसल्यावर तिला स्वतःचाच राग आला. नाही म्हणायला काय झालं होतं?

दुसऱ्याचं बोलणं पोचवायचा कंटाळा तिला लहानपणापासूनचा. तिची आई सत्यभामा लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तापात बहिरी झाली. तेव्हापासून घरात हातांनीच बोलणं. रेशनवाला काय म्हणतो, शेजारीण कशावरून भांडते, ते सगळं पोचवायचं काम करुणाचं. आठ वर्षांची असताना दवाखान्यात डॉक्टर तिला म्हणाले, “आईला सांग, तुझे वडील आता उठायचे नाहीत.” आणि ते तिनंच सांगितलं, आपल्या हातांनी. पुढं शिकून तिनं नोकरीही तीच धरली. दुसरं काही तिला इतकं चांगलं येतच नव्हतं.

त्याच संध्याकाळी ती वही-पेन घेऊन टीव्हीसमोर बसली. पहिला भाग निम्मा झाला आणि नेट अडकलं. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या भागात, वीज गेली. चौथ्या भागात नायकाची बहीण मेली, तिचं दहन झालं, आणि सहाव्या भागात ती हसत दारात उभी! वहीत लिहिलेलं सगळं खोडावं लागलं. मग कळलं, पाचवा भाग मुळात पहिल्याच्या आधी घडतो.

“अरे, मग आधी दाखवायचा ना!” ती टीव्हीवर ओरडली.

शेजारी आई बसलेली. दर दोन मिनिटांनी तिचा हात करुणाच्या गुडघ्यावर यायचा. हा कोण? ती का रडते? म्हातारा चांगला की वाईट? करुणा एक डोळा पडद्यावर, एक आईवर ठेवून उत्तरं देत होती, आणि तेवढ्यात तिकडं कुणीतरी महत्त्वाचं बोलून जायचं. सातव्या भागाला तिचा तोल गेला. दोन्ही हात उडवून तिनं सांगितलं, “मला एकदा तरी नुसतं बघू दे!”

सत्यभामा उठली आणि आत जाऊन लसूण सोलत बसली. दोन दिवस ती टीव्हीकडं फिरकली नाही. करुणाला टोचणी लागली, पण माफी मागायलाही हातच हलवावे लागणार होते आणि त्यांच्यात आता त्राण नव्हतं.

पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, तिनं वर्गात प्रत्येक पात्रासाठी एकेक खूण ठरवायला घेतली. मुलं एकमेकांकडं बघून हसायला लागली. सातवीतली अंबिका सोयगावकडची, धनगराच्या घरची, वर्गात सगळ्यांत तल्लख. ती उठली आणि हातांनी म्हणाली,

“मॅडम, खुणा आमच्याकडं हायेत. आम्ही आठी भाग बघितले. सुट्टीत, मोबाइलवर. दोनदा.”

करुणा खुर्चीत बसली. आठ दिवस तिनं कुणासाठी डोळे फोडले होते?

पण मुलांनी बघितली होती ती नुसती चित्रं. त्यावरून त्यांनी आपली एक गोष्ट जुळवली होती. त्यांच्या मते पांढऱ्या दाढीचा शास्त्रज्ञ हा नायकाचा बाप. “नाय,” करुणानं सांगितलं, “त्यानंच तर बापाला मारलं. पाचव्या भागात बोलून दाखवतो तो.” अंबिकानं जोरानं मान हलवली. बाप नसेल तर तो त्याला जेवू का घालतो?

शनिवारी शाळेची गाडी थिएटरवर पोचली. खेळाला आणखी एका शाळेची, ऐकू येणारी मुलं होती. करुणा पडद्याच्या खाली, कडेला उभी राहिली, वही पाठ झालेली. आणि दिवे गेले.

तिचे हात तिलाच दिसेनात.

पहिली दहा मिनिटं तिनं मोबाइलची बॅटरी लावून, तो छातीशी धरून एका हातानं खुणा केल्या. एका हातानं अर्धीच वाक्यं होतात. मागून ओरडा झाला, “लाईट बंद करो!” मॅनेजर वाकत आला. “मॅडम, बाकीच्यांना त्रास व्हतोय. बॅटरी बंद करा.” तिनं अप्पाराव सरांकडं पाहिलं. सर पडद्याकडं बघत होते.

तिनं बॅटरी बंद केली आणि पहिल्या रांगेत बसली. शेवटी शास्त्रज्ञ मरताना नायकाला सगळं खरं सांगतो, माफी मागतो, आणि नायक त्याला कवटाळून रडतो. शब्दन् शब्द करुणाच्या कानात पडला आणि तिथंच राहिला. तिची मुलं मात्र टाळ्या वाजवत होती.

परतीच्या गाडीत अंबिकाचा चेहरा फुलला होता. “बघितलं? रडला तो. बापच होता.”

करुणा दमली होती. हो म्हणून मोकळं व्हावं, असं एक क्षण वाटलं. पण ती सीटला पाठ टेकून मुलांकडं तोंड करून उभी राहिली आणि भर उन्हात, हिसके खाणाऱ्या गाडीत, मेलेल्या माणसाचं शेवटचं बोलणं तिनं पहिल्यापासून सांगितलं. मागच्या सीटवरची मुलं पुढं सरकली. अंबिकाचे डोळे मोठे झाले, मग भरून आले. मग ती चिडली.

“हे तिथंच का नाय सांगितलं? मी टाळ्या वाजवल्या.”

“अंधार होता.”

“मग दिवा का नाय मागितला?”

करुणा सीटवर बसली. दिवा तिच्या हातात होता, आणि तिनंच तो बंद केला होता.

सोमवारी तिनं थिएटरच्या नावानं अर्ज लिहिला. पुढच्या खेळाला पडद्यावर लेखी संवाद द्या, नाहीतर खुणा करणाऱ्यासाठी कडेला दिवा द्या. अप्पाराव सर म्हणाले, “फुकट दाखवलं, त्याच्यावर अर्ज? कसं दिसंल ते?”

“कसंबी दिसू द्या, सर. सही करा.”

सरांकडून तीनदा अर्ज परत आला, चौथ्यांदा सही झाली. करुणानं तो स्वतः थिएटरवर नेऊन दिला आणि पोच घेतली. त्याला आता सव्वा महिना झाला. उत्तर आलेलं नाही. शाळेतून घरी जाताना, दर शुक्रवारी, ती थिएटरच्या तिकीट-खिडकीशी रिक्षातून उतरून विचारते.