दुसरा तांब्या

ज्योतीचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया घालत होते. ऊन चढायच्या आत चीक संपवायचा म्हणून घाई चालली होती, दोन्ही हात भरलेले, आणि फोन वाजायचा थांबेना. ज्योती माझ्या धाकट्या भावाच्या ठाण्यातली कॉन्स्टेबल. तिला मी चौथीत शिकवलंय, म्हणून ती अजून मला बाईच म्हणते. "बाई, दादांना लागलंय," एवढंच बोलली. मी विचारलं, "कुठं लागलंय? हाताला का पायाला?" ती गप्प... वर्गात उत्तर येत नसलं की ही पोरगी अशीच खाली बघून गप्प उभी राहायची. गोळी छातीत लागली होती. सोलापूरच्या दवाखान्यात नेताना वाटेतच माझा दत्ता गेला. कुरडया शेजारणीनं काढून डब्यात भरून ठेवल्यात. मला अजून त्या तळाव्याशा वाटत नाहीत.

दत्ता हवालदार होता. भरतीच्या वेळी छाती भरत नव्हती म्हणून आईनं त्याला महिनाभर दूध-केळी चारली होती, आणि नंतर जन्मभर पोट आवरता आलं नाही ते त्या केळ्यांमुळंच, असं तो सगळ्यांना सांगायचा. आम्ही अणदूरचे. मी लग्न होऊन नळदुर्गला आले आणि तो गावातच घर धरून राहिला. आमचा खंडोबा वर्षातले काही महिने अणदूरला आणि काही नळदुर्गला मुक्कामाला असतो. दत्ता म्हणायचा, "आक्का, देव आन् म्या, आमा दोघांलाच दोन्हीकडं जेवायची सोय हाय." जेवायचाही तसाच. शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि वर मलाच दटावणी, की मीठ कमी खात जा म्हणून. घोरणं तर असं की माझ्या नवऱ्यानं एकदा उशी उचलून गच्चीचा रस्ता धरला होता.

ठाण्यात त्याच्याकडं बरीच वर्षं बजावणीचं काम होतं. कोर्टानं काढलेलं समन्स किंवा वॉरंट ज्याच्या नावाचं असेल त्याच्या दारात जाऊन द्यायचं, धरून आणायचं असेल तर धरून आणायचं. हे काम कुणाला नको असतं. दारात खाकी दिसली की बाया दार लावून घेतात, म्हातारी माणसं शिव्या देतात, कुत्री सोडतात. दत्ताची मात्र यात एक ठरलेली रीत होती. अंगणाच्या बाहेर उभं राहायचं, टोपी काढून काखेत घ्यायची आणि हाक मारायची, "पाणी मिळंल का प्यायला?" पाणी पिऊन झालं की मगच खिशातला कागद काढायचा. ही रीत त्यानं आमच्या आईकडून उचलली होती. आईच्या दारात कुणीही येवो, वसुलीवाला येवो नाहीतर भांडायला आलेली भावकी, आधी गुळाचा खडा आणि तांब्या पुढं यायचा. ज्यानं घरचं पाणी घेतलं त्याला लगेच तोंड सोडता येत नाही, आणि ज्यानं दिलं त्यालाही नाही, असा तिचा हिशोब. दत्तानं तो सरकारी नोकरीत चालवला.

दरवेळी चालला असं नाही, हे मी सांगून टाकते, उगीच त्याला देव्हाऱ्यात बसवायचा नाही मला. एकदा एका वस्तीवर आई तांब्या घेऊन पुढच्या दारात आली आणि लेक मागच्या दारानं पसार झाला. साहेबांनी ठाण्यात सगळ्यांसमोर झापलं, "हवालदार, तुम्ही वॉरंट घेऊन जाता का लग्नपत्रिका?" दत्ता मान खाली घालून उभा. दोन-चार दिवसांनी तीच बाई लेकाचं मनगट धरून ठाण्यात हजर. म्हणाली, "ह्यो माणूस माझ्या घरचं पाणी पेलाय सायेब. त्येला माझ्यापायी खाली बघाया लागू नये." साहेबांनी नंतर दत्ताला काही बोलायचं सोडून दिलं. पण शेऱ्यात चांगलं लिहिलं असंही नाही.

एक गोष्ट मात्र त्यानं कधी मोडली नाही. पाणी एकच तांब्या. मे महिन्यात, घशाला कोरड पडलेली असताना, समोरची बाई "अजून देऊ का?" म्हणत उभी असली तरी हा तांब्या पालथा करून परत द्यायचा. मी कारण विचारलं तर म्हणाला, "दुसरा घेतला की म्या पाव्हणा झालो आक्का. मग वाकळंवर बसा, च्या घ्या, लेकराचं नाव काय, आन् कागद ऱ्हातो खिशात." गंमत म्हणजे तो वर्दीवर असला की माझ्या घरीसुद्धा हेच. बंदोबस्तावरून जाता जाता नळदुर्गला थांबायचा, दारातच एक तांब्या प्यायचा आणि निघायचा. मी म्हणायची, "अरे, मी तुझी बहीण आहे. माझं वॉरंट आणलंयस का?" तो हसायचा, पण दुसरा घ्यायचा नाही. साध्या कपड्यात आला की मात्र माझा माठ रिकामा करायचा.

शेवटचा आला तो वर्दीतच. तुळजापूरला गर्दीचा बंदोबस्त करून परतत होता, तोंड उन्हानं काळवंडलेलं. मी दारातच त्याला धरलं. म्हटलं, "दत्ता, आता दिवस बदललेत. हमरस्त्यावरून काय काय येतंय-जातंय ते पेपरात वाचते मी. पोरांच्या खिशात नशेची पावडर सापडायला लागली. तुझं हे पाण्याचं पुरे कर, पिस्तूल मागून घे साहेबांकडून." तांब्या खाली ठेवत तो म्हणाला, "मागतो की. पर आक्का, पिस्तूल हातात घेऊन पाणी कसं मागायचं, ते बी सांग." तीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला गप्प केलं म्हणून तो गाडीत बसेपर्यंत खूश होता...

त्या दिवशीचं वॉरंट अगदी साधं होतं. अपघाताची जुनी केस, एक ट्रकचालक तारखांना हजर राहत नव्हता, म्हणून त्याला घेऊन यायचं. गाव हमरस्त्यापासून थोडं आत. दत्ता, ज्योती आणि जीपचा चालक असे तिघं गेले. त्या घरात ट्रकचालकाचे दोन पाव्हणे येऊन राहिलेत आणि ज्वारीच्या कणगीत धान्याखाली पावडरीच्या पुड्या लपवल्यात, हे ठाण्यात कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. पोलीस आले होते अपघातासाठी. पाव्हण्यांना वाटलं, आपल्यासाठीच आले. एकाकडं गावठी कट्टा होता. तो दारात येऊन दत्तावर गोळी झाडून मोकळा झाला. ज्योतीनं धावत जाऊन त्याच्या मनगटावर काठी घातली, कट्टा खाली पडला. चालकानं आणि शेजाऱ्यांनी मिळून दोघांना खाली पाडलं. ट्रकचालक गोठ्यात खांबाला धरून बसला होता, तो जागचा हललाही नाही. तिघांना अटक झाली, पुड्या बाहेर निघाल्या. पेपरात मोठ्ठी बातमी आली.

त्या बातमीच्या खाली एक ओळ होती. पोलीस कर्मचारी गाफील राहिल्याची चर्चा आहे, अशी. ही चर्चा आमच्या घरापर्यंत यायला वेळ लागला नाही. दहाव्याला आलेला एक नातेवाईक घाटावरच म्हणाला, "दोन-दोन तांबे पाणी पीत बसला, म्हणून गेला. दुसरा असता तर कवाच मागं सरला असता." दत्ताची बायको सुरेखा तिथंच उभी होती. ती रडली नाही, भांडली नाही. घरी आली आणि ओट्यावरचा तांब्या, जो सासूच्या वेळेपासून दारात भरून ठेवलेला असायचा, तो घासून माळ्यावर टाकला. त्यानंतर भेटायला येणाऱ्यांना शेजारणी पाणी द्यायच्या. सुरेखा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसायची. एकदा मला एवढंच म्हणाली, "वन्सं, खरं सांगा. पाण्यापायी गेले का हो हे?"

मला राग आला होता. गाफील हा शब्द तर असा झोंबला की पेपर फाडून चुलीत घातला. पण नुसत्या रागानं सुरेखाला उत्तर मिळणार नव्हतं. मी ज्योतीला बोलावून घेतलं आणि समोर बसवून विचारलं, दुसरा तांब्या ही बातमी आली कुठून? ती म्हणाली, "बाई, म्याच सांगितलं साहेबांना. म्या जीपजवळ उभी होते. दादांनी एक तांब्या पेला आन् मोठ्यानं म्हणले, अजून एक आण. माझ्या कानानं ऐकलंय." मी तिला पुन्हा विचारलं, आणि पुन्हा. ती त्यावर ठाम. मग मी सुरेखाला म्हटलं, "हे बघ, ज्या माणसानं वर्दीत सख्ख्या बहिणीच्या दारात दुसरा तांब्या घेतला नाही, तो एका आरोपीच्या दारात मागतो, तर ते तहानेनं नाही. त्याला काहीतरी दिसलं होतं. काय ते मला माहीत नाही, पण गाफील माणूस आपली जन्माची सवय मोडत नाही." सुरेखानं ऐकून घेतलं. पण मी बहीण पडले. बहीण भावाची बाजू घेणारच, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तांब्या माळ्यावरच राहिला.

गेल्या आठवड्यात मी अणदूरलाच होते. दुपारची वेळ, मी ओट्यावर लसूण सोलत बसलेली. अंगणाबाहेर एक तरणी बाई येऊन थांबली. डोक्यावर पदर, काखेत वर्षाची मुलगी, पायात धुळीनं भरलेल्या चपला. आत ये म्हटलं तरी येईना. नाव विचारलं तर म्हणाली, "मालन. त्या घरची सून हाय म्या." कुठल्या घरची ते तिला सांगावं लागलं नाही. माझा हात सोलता सोलता थांबला. सुरेखा आतून उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथंच चौकटीला धरून उभी राहिली.

मालन उन्हात उभी राहूनच बोलली. "माझा नवरा, त्यो ट्रकवाला, जेलात हाय. त्यानं केलं त्ये त्यो भोगंल, त्येच्यासाठी म्या आले न्हाय. म्या जबाबात समदं सांगितलंय, पर तुमास्नी सांगायचं ऱ्हायलं होतं. बापानं सोडलं न्हाय, म्हणला, कुठल्या तोंडानं जाशील..." मग म्हणाली, "त्येंनी पाणी मागितलं, म्या घरातलं आणलं. माझा हात असा कापत हुता, निम्मं सांडलं. त्येंनी हाताकडं बघितलं, दारातल्या बुटांकडं बघितलं. हळूच इचारलं, घरात कोण हाय लेकी? म्या म्हणलं, पाव्हणं. तोंडातनं दुसरं काय निघंना. त्येंनी पाणी पेलं आन् मोठ्यानं म्हणले, अजून एक आण, पर हे घरातलं नगं, त्या लिंबाखालच्या रांजणातलं थंड आण. आन् हळू म्हणले, लेकरू काखंतच ऱ्हाऊ दे. मागं वळू नगंस."

कडुलिंबाचं झाड त्या अंगणाच्या पार टोकाला आहे, ज्योतीनं मला नंतर सांगितलं. बुंधा दोन माणसांच्या कवेत न मावणारा. "म्या लिंबापाशी पोचले तवा आवाज झाला," मालन म्हणाली. "तवर त्ये जागचे हालले न्हाईत. दाराकडं तोंड करून उभं. माझ्या बापापरीस जास्त केलं ओ त्येंनी माझ्यासाठी. ह्या लेकरासाठी." मुलगी आईच्या काखेतून आमच्याकडं टकामका बघत होती आणि तिच्या कानातलं बारकं डूल उन्हात चमकत होतं. मी रडत होते, ते मला लसणाचा हात डोळ्याला झोंबला तेव्हा कळलं.

सुरेखा वळली आणि आत गेली. मला वाटलं, दार लावून घेणार आता. मालनलाही तेच वाटलं असावं, कारण तिनं पोरीला दुसऱ्या काखेत घेतलं आणि जायला पाय उचलला. आतून शिडी सरकवल्याचा आवाज आला, मग माळ्यावरची भांडी खडखडली. सुरेखा बाहेर आली ती तांब्या घेऊन. धूळ घाईत पदरानं पुसलेली दिसत होती, पाणी काठोकाठ भरलेलं आणि वर वाटीत गुळाचा खडा. तिनं ओट्याच्या पायऱ्या उतरून अंगण ओलांडलं आणि तांब्या मालनच्या हातात दिला. मालननं आधी पोरीला दोन घोट पाजले, मग उरलेलं सगळं पाणी एका दमात प्याली. बराच वेळ उन्हात चालून आली होती ती. तांब्या पालथा करून परत द्यायला तिनं हात पुढं केला.

सुरेखानं तो घेतला आणि म्हणाली, "आत ये. अजून एक देते."