आर्क लागला म्हणे!

आमच्या ह्यांचा, म्हणजे यशवंतरावांचा, इंद्रपुरी वस्तीत मोठा मान. बत्तीस वर्षं कारखान्यात वेल्डर. उजव्या डोळ्यानं अंधुक दिसतं, पाठ आखडून पुढं वाकलेली. कुणी विचारलं की रुबाबात सांगायचे, "डोळा आर्कनं, वेल्डिंगच्या झगझगाटानं खाल्ला, पाठ लोखंडी टाक्यांच्या आत वाकून वाकून गेली." लोक हळहळायचे. मीही हळहळायची, बटाट्याच्या चकत्या कापून डोळ्यावर ठेवायची. आता आठवलं की अंगाची लाहीलाही होते!

आमची मुलगी मधुरा, बाग सेवनिया भागातल्या शाळेत गणित शिकवते. गेल्या वर्षी तिचा डावा डोळा लाल झाला. उजेड सोसेना, आत ठणका. वेल्डरच्या घरात लाल डोळ्याचं निदान ठरलेलं. "आर्क लागला. तिकडं अवधपुरीत जिकडेतिकडे वेल्डिंगनं गेटं जोडतायत, बसली असेल बघत," हे म्हणाले आणि कपाटातले स्वतःचेच थेंब काढून दिले. चार दिवसांत लाली गेली. दोन महिन्यांनी पुन्हा. पुन्हा तेच थेंब. असं चारदा! डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, तर म्हणे, "लग्न ठरलंय तिचं, उगाच बोभाटा कशाला?" आणि मी बावळट, गप्प बसले.

पाचव्यांदा पोरीला फळ्यावरचं स्वतःचंच अक्षर दिसेना, तेव्हा कुठं दवाखाना गाठला. डॉक्टर अमृता वयानं लहान, पण खमकी. यंत्रातून डोळा पाहून म्हणाली, "आत सूज आहे, बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटलीय. घरात कुणाला डोळ्याचा, कंबरेचा असा त्रास?"

"नाही," हे ठासून म्हणाले. "माझं वेगळं. मला आर्क लागायचा."

"दोन्ही डोळ्यांना?"

"नाही, एकालाच."

"किती दिवस राहायचं?"

"तीन-चार आठवडे."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "काका, आर्क बहुतेक दोन्ही डोळ्यांना लागतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. हे तर तुम्ही मला सांगायला हवं."

मग तिनं समजावलं. जंतूंशी लढणारी शरीराची ताकद कधीकधी स्वतःच्याच डोळ्यावर, मणक्यावर उलटते. त्यामागं बरेचदा एक जीन असतो. आईबापांपैकी एकाकडून तो मुलाला मिळायची शक्यता साधारण निम्मी. मिळाला तरी प्रत्येकाला आजार होतो असं नाही. पण झाला तर वेळेवर आणि पुरतं औषध लागतं. घरच्या चार दिवसांच्या थेंबांनी नुसती लाली झाकली गेली. आता नजर किती परत येईल, ते उपचार सुरू केल्यावरच कळेल.

हे पुटपुटले, "आमच्या बाबांनाही हेच होतं."

माझे सासरे उज्जैनला शाळामास्तर होते! जन्मात वेल्डिंगला हात लावला नाही त्या माणसानं!

"अहो, म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"संशय होता. तेव्हा बोललो असतो तर तुझ्या वडिलांनी मुलगी दिली असती का? आणि आता हिला कोण..."

"चुलीत गेलं ते देणं-घेणं! पोरीचा डोळा चाललाय आणि तुम्हाला घराण्याची पडलीय? लाज कशी वाटत नाही!" मी इतकी ओरडले की नर्स आत डोकावली.

मधुरा मात्र शांतपणे फोन काढून बसली. ज्याच्याशी लग्न ठरलंय त्या हर्षलला तिनं तिथूनच लावला, आम्हाला ऐकू येईल असा. डोळा, जीन, उद्या होणाऱ्या मुलांचं, सगळं सांगून टाकलं. हे हातानं नको नको करत होते.

हर्षलनं तिला मध्येच थांबवलं. "ते सगळं नंतर बघू गं. आधी सांग, आत्ता त्या डोळ्यानं तुला दिसतंय काय?"

"समोर आई-बाबा आहेत ते माहीत आहे. दिसतायत नुसते आकार," ती म्हणाली आणि वर्षभरात पहिल्यांदा रडली.

इतके महिने बापानं हे तिला एकदाही विचारलं नव्हतं. तेच सुनवायला मी ह्यांच्याकडं वळले आणि लक्षात आलं. मीही विचारलं नव्हतं.