अर्जात माझं कामच न्हाई

गावकऱ्यांनो, हा कागद पारावर चिकटवतोय. ज्याला वाचता येतंय त्यानं बाकीच्यांना वाचून दाखवा. दुपारपासून डोकं तापलंय.

धारूरच्या कचेरीला आपल्या गावच्या बारवेच्या पायऱ्या नव्यानं बसवायच्यात. मक्ता पाहिजे त्यानं उर्दूत अर्ज द्यावा, अशी दवंडी झालती. मला मोडी येती, उर्दू न्हाई. म्हणून आज कचेरीबाहेरच्या अर्जनवीसापुढं बसलो. म्हणलं, "लिवा, सात बारवा बांधल्यात. चुना बैलाच्या घाण्यातच मळतो. पायरी हातभर भिंतीत घालतो." तो मान हलवत लिहीत होता. मी सही केली.

मग उर्दू शाळेच्या मास्तरांकडून अर्ज वाचून घेतला. दीड पान हुजुरांची तारीफ. पुढं, हा गुलाम लई गरीब हाय, लेकरं उपाशी हायेत, रहम करावा. चुन्याचं, पायरीचं एक अक्षर न्हाई.

माघारी जाऊन इचारलं, "हे काऊन लिवलं?"

"मिस्त्री, मी सगळ्यांचे असेच लिहितो. साहेबलोकांना असंच लागतं."

मी काम मागाय गेलतो, भीक न्हाई. तो अर्ज फाडला. मास्तरांनी चार ओळींत माझं काम लिहून दिलं, ते कचेरीत नेलं. कारकुनानं कागद उलटापालटा केला. "ह्यात विनवणी कुठंय?" म्हणाला, आन गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला.

आता तुमीच सांगा. उद्या तुमच्या घरची बाई भरली घागर घेऊन त्या बारवेतून वर येईल. पायरी हलली, तर अर्जातली विनवणी तिला धरंल का?