शुभाताई हाय की

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या गावात शुभांगी कुणाच्या घरी नुसती चहाला म्हणून कधी गेली नाही. ती दारात दिसली की घरात कुणाचं तरी काहीतरी दुखत असायचंच. गावची आशाताई, म्हणजे आरोग्याची स्वयंसेविका ती. कुणाला विळा लागला, कुणाचं पोर तापानं फणफणलं, की म्हातारेकोतारे हमखास म्हणायचे, "शुभाताई हाय की!" त्या बोलण्यात कौतुक किती आणि बेडी किती, हे तिला पन्नाशीला टेकल्यावर कळलं.

तिला नर्स व्हायचं होतं. दहावीच्या सुट्टीत उपकेंद्रातल्या सिस्टरबाईंच्या हाताखाली ती मलमपट्टी शिकली आणि तिथंच घात झाला. पोरीला पट्टी बांधता येते म्हटल्यावर गावानं ठरवूनच टाकलं, की हिला सगळं येतं, आता पुण्याला जाऊन आणखी काय शिकायचंय? गावातल्याच सासऱ्यांनी तर तिला हौसेनं सून करून नेलं, कारण त्यांच्या पायाची जखम चिघळत होती. जखम बरी झाली. शुभांगी राहिली ती राहिलीच.

म्हणून हायस्कूलच्या मुलींना ती शनिवारी दुपारी उपकेंद्रात बोलवायची. एकदा सरांच्या मागं लागून तिनं त्यांना भोरला मोठा दवाखाना दाखवायला नेलं. एक्स-रे काढणारा, औषधं देणारी, लकवा मारलेल्या माणसाला पुन्हा हात हलवायला शिकवणारी, रक्त तपासणारा, सगळे बघून पोरींनी तोंडात बोटं घातली. डॉक्टर आणि नर्स सोडून दवाखान्यात इतकी माणसं लागतात, हे त्यांना सांगणार कोण? त्यांच्या घरातलं कुणी रोगी असल्याखेरीज कधी दवाखान्यात गेलेलंच नव्हतं. त्यातली वैष्णवी तर मायक्रोस्कोपला डोळा लावून जागची हलेना. "मावशी, एका थेंबात लई गर्दी हाय," एवढंच म्हणाली.

बारावीनंतर पुण्यात लॅबच्या कोर्सला वैष्णवीचा नंबर लागला. शुभांगीला आभाळ ठेंगणं झालं, आणि त्या आनंदात तिनं नको ते केलं. हात बसावा म्हणून आपलं जुनं बीपीचं मशीन पोरीला देऊन टाकलं.

झालं! रोज संध्याकाळी वैष्णवीच्या ओट्यावर दंड पुढं करून बसलेल्या म्हाताऱ्यांची रांग लागायला लागली. तिची आजी पारूबाई सगळ्यांना चहा पाजायची आणि मिरवायची. खरं सांगायचं तर शुभांगीलाही बरं वाटलं. वरच्या वाडीची चढण तिच्या गुडघ्यांना सोसत नव्हती. दोन-तीनदा तिनं वैष्णवीलाच तिकडं पिटाळलं.

मग एके दिवशी पारूबाई म्हणाली, "आमच्या वैशूला समदं येतं. पुण्याला कशापायी धाडायची? वाडीच्या गेनबांनी नातवासाठी मागणी घातलीया. आत्ता साखरपुडा, लगीन अठरा पुरी झाल्यावर."

शुभांगीला आपलंच लग्न आठवलं. तीच चूक, तेच गाव, आणि मशीन आपल्याच हातानं दिलेलं.

पाहुणे आले त्या दिवशी तिला मानानं बोलावणं होतं. पोहे झाले. गेनबांनी नाव-गाव काही विचारलं नाही, सरळ सदऱ्याची बाही वर सारली. "बघ पोरी. असली सून घरात असली की दवाखान्याची पायरी चढाया नको."

वैष्णवीनं पट्टा बांधला, कानाला नळ्या लावल्या, हवा भरली. "आज्जा, बीपी लई वाढलंय."

सगळ्यांच्या नजरा शुभांगीकडं वळल्या. तिनंही तपासलं. पोरीचं बरोबर होतं. वैष्णवी तिच्याकडं आशेनं बघत होती. त्या वेडीला अजून शाबासकीच हवी होती.

"आकडा बरोबर हाय," शुभांगी म्हणाली, "पर हिला काय येत न्हाई."

पारूबाईनं कपबशी खाली आदळली.

"आकडा कळला, पुढं काय? गोळी कंची, किती, ती सोसंल का, हिला ठावं न्हाई. आन् मलाबी न्हाई. तुमी मला डाक्तरीण म्हणत आलात, म्या गप ऐकून घेतलं. गेनबा मामा, उद्याच डाक्तरकडं जावा. आमच्या दोघींच्या भरवशावर ऱ्हाल, तर अंथरूण धराल."

एवढ्या वर्षांत मिळवलेलं नाव ती स्वतःच्या तोंडानं पुसत होती. गेनबांनी बाही खाली ओढली. असली अर्धवट सून कोण नेणार? पाहुणे निघून गेले, तेव्हा दाराशी बसलेला वैष्णवीचा बाप बंडू म्हणाला, "मंग शिकाया तर लागंल तिला."

वैष्णवीनं बोलणं टाकलं. भर बैठकीत मावशीनं आपली शोभा केली, हे तिच्या मनातून जाईना. पुण्याला निघाली त्या सकाळी मात्र एसटीच्या थांब्यावर तिनं मशीन परत दिलं आणि खाली मान घालून विचारलं, "मावशी, माझ्या वयाच्या व्हतात तवा तुमी का न्हाई गेलात पुण्याला?"

"हिला समदं येतं, आसं समदे म्हणले. म्हणून."

वैष्णवीनं झटकन वर पाहिलं. कंडक्टरनं घाई केली, ती काही बोलायच्या आत गाडी हलली. मागच्या काचेतून ती हात हलवत राहिली, वळण येईपर्यंत.

शुभांगीला वाटलं, आता गावही आपल्याला बोलवायचं सोडेल. तेवढ्यात मोबाईल वाजला. वरच्या वाडीवरून गेनबांची सून बोलत होती. गावानं शुभांगीचं म्हणणं वैष्णवीपुरतं खरं धरलं होतं, स्वतः शुभांगीपुरतं नव्हे.

"ताई, धाकट्या पोराला ताप चढलाय. वैशू तर गेली म्हणं. तुमी हायसा न्हवं?"

शुभांगीनं गेलेल्या गाडीच्या धुळीकडं पाहिलं. "हाय की," ती म्हणाली, मशीन पिशवीत टाकलं आणि चढणीला लागली.