सलाइनचे पाच दिवस

आमच्या घराण्यात महालक्ष्म्या थोरल्या सुनेच्या हातानं घरात येतात. भाद्रपदात पितळी मुखवटे हातात धरून तिनं कुंकवाच्या पावलांवरून उंबरा ओलांडायचा. आतल्या बायका विचारणार, कशाच्या पावलानं आली, आणि तिनं सांगायचं, सोन्याच्या पावलानं. सासूबाई गेल्यापासून हे काम माझं. मुखवटे दुसरीकडं द्यायचेच झाले तर थोरलीनं स्वतः, धाकटीची ओटी भरून द्यायचे. दुसऱ्या कुणाला तो अधिकार नाही.

माझं दुखणं सुरू झालं तेही महालक्ष्म्यांच्या साडीवरून. शहागंजच्या बाजारात लाल साडी घेताना मी दुकानदाराशी भांडले, उन्हात विटलेला माल माझ्या गळ्यात मारतोस काय म्हणून. बरोबर धाकटी जाऊ होती. ती म्हणाली, ताई, चांगली लालभडक तर आहे. मी एकेक डोळा झाकून पाहिलं. उजव्याला लाल दिसत होती, डाव्याला धुऊन धुऊन फिकी पडलेली विटकरी. पुढं डोळा सुधारला, मग डावा पाय गेला, तो अर्धामुर्धा परत आला. डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव कागदावर लिहून दिलं. आपलंच शरीर नसांवरचं आवरण कुरतडतं, उंदरानं वायरीवरचं प्लास्टिक खावं तसं, असं सांगितलं. हा आजार बरा होत नाही म्हणाले, सांभाळत राहायचं. चोर घरातलाच निघाला म्हटल्यावर तक्रार कुणाकडं करणार? दोन वर्षं मी नुसती चिडचिड केली.

मग एकेक युक्ती शिकत गेले. उष्णतेनं माझा पाय लाकूड होतो, म्हणून स्वयंपाक करताना गळ्याभोवती बर्फ गुंडाळलेला पंचा. महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या आदल्या दिवशीच पलंगावर बसून चिरायच्या. पुरणपोळ्या स्टुलावर बसून. दुपारी दोन तास दार लावून आडवं व्हायचं, मग बाहेर जगबुडी होवो. हे सगळं जमलं. जमलं नाही ते लोकांचं बोलणं. आज चालता येतं, उद्या येत नाही, हे कुणाला पटतच नाही. काल तर भाजी घेताना दिसलात की, असं शेजारीण म्हणायची, आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची.

एकटे हे तसं कधी बोलले नाहीत. रस्त्यानं जाताना माझा पाय फरफटायला लागला की हे गुपचूप आपली चाल कमी करायचे. त्या एका गोष्टीवर मी लई विसंबून होते.

गेल्या वर्षी श्रावणात पाय पुन्हा गेला. पाच दिवस सलाइनमधून स्टेरॉइड घेतलं तर लवकर उभ्या राहाल, असं डॉक्टर म्हणाले. मी लगेच दाखल झाले. ह्यांना मी स्पष्ट सांगितलं, की मला पाय महालक्ष्म्यांसाठी पाहिजे, बाकी वर्षभर कसा का असेना. हे बरं म्हणाले. पाच दिवस तोंडात लोखंडाची चव, डोळ्याला डोळा नाही, चेहरा भाकरीसारखा फुगलेला. मी पडल्या पडल्या अंगठा हलवून बघायची. पाचव्या दिवशी तो हलला. हे रोज डबा आणायचे, उशाशी बसायचे, आणि जाताना पांघरूण नीट करून जायचे.

घरी येऊन आठवडा झाल्यावर मुखवटे चिंचेनं घासावेत म्हणून ट्रंक उघडली. आत नुसतं त्यांना गुंडाळायचं जुनं लुगडं. मला वाटलं, चोरी झाली. मी ओरडले. हे चहा पीत बसले होते, ते उठलेसुद्धा नाहीत. धाकटीकडं नेऊन दिले म्हणाले, तुला झेपलं नसतं. कधी दिले, विचारलं. तर त्याच पाच दिवसांत. सकाळी मला डबा आणि संध्याकाळी तिकडं मुखवटे.

"मला विचारायचं होतं."

"तू नाही म्हणाली असतीस."

"व्हय. म्हणाले असते."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझा तळपाय बधिर आहे, तरी गेली. पायानं दगा दिला ते मी समजून घेतलं होतं, बिचारा आजारी होता. हे तर धडधाकट होते.

महालक्ष्म्या यायच्या दिवशी आम्ही छावणी भागात दिरांकडं गेलो. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी काठी घेऊन चढले आणि पाय एकदाही अडला नाही. इतका चांगला तो दोन वर्षांत चालला नव्हता. दाराशी आत्याबाई उभ्या, सासऱ्यांची बहीण. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं.

"अगं, चांगली चालतीस की. मग तुझ्यानं होत नाही म्हणून निरोप कशाला धाडलास?"

निरोप? मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे दारावरची लाइटची माळ सरळ करायला लागले, ती सरळच होती. म्हणजे नुसते मुखवटे नेले नव्हते, माझ्या तोंडी शब्दही घालून आले होते. जाऊ मुखवटे घेऊन उंबऱ्यापाशी आली होती. सगळ्या बायका थांबल्या.

"मी निरोप धाडला नाही," मी म्हणाले. "मी सलाइनवर होते, तेव्हा ह्यांनी मुखवटे नेले."

जावेचा चेहरा उतरला. तिला खरंच माहीत नव्हतं, ते दिसलं मला. हातातले मुखवटे घेऊन ती तिथंच उभी.

"आत ने त्यांना," मी तिला म्हटलं. "उंबऱ्यात थांबवू नये."

आतून कुणीतरी विचारलं, कशाच्या पावलानं आली. जावेनं उत्तर दिलं, ते धड ऐकूही आलं नाही. मी काठी भिंतीला टेकवून बाजूला उभी होते, ती काठी न घेताच जिन्याकडं वळले. हे मागून आले. एका हातात माझी काठी, दुसरा हात माझ्यापुढं केलेला.

मला उतरताना काठी लागतेच. मी काठी घेतली.